वळणावरचा ब्रेक

मी एका खेळात चार वर्षं लबाडी केली, आणि ती कुणालाच सांगितली नाही. मित्रांना नाही, मुलीला नाही. तुम्हाला हसू येईल. या, हसत हसतच ऐका.

मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि तिचा व्हिडिओ गेम मुलुंडच्या आमच्या घरात राहिला. शहरातल्या रस्त्यांवर गाड्यांची शर्यत लावायचा गेम. पन्नाशीच्या आसपासचे आम्ही दोघं, मी आणि माझी बायको सुलभा, रविवारी जेवणं झाली की टीव्हीसमोर बसायचो.

गेम झकास आहे, ते मान्यच करतो. खड्डा नाही, सिग्नल नाही. भिंतीवर आपटलात तरी दोन सेकंदांत गाडी परत रस्त्यावर, कोरी करकरीत. वळणावर गाडी आडवी घसरवली की पुढे अशी सुसाट सुटते, की माणूस सोफ्यावरून उठतो! दोषही आहेत. सगळ्या गाड्या थोड्याफार सारख्याच पळतात. फुटपाथवर माणूस औषधालाही नाही. आणि आणखी एक — तिथेच यायचंय मला, पण जरा दमानं.

सुलभा दर वळणावर आपटायची. मी जिंकायचो. दर रविवारी.

‘‘सुलभाबाई, गाडी चालवायला हात लागतो!’’ मी म्हणायचो.

‘‘गप रे, शेंबड्या,’’ ती म्हणायची आणि पुन्हा खेळायची. मरोळला आम्ही दोघं एकाच ऑफिसात होतो तेव्हापासून ती मला असंच बोलते.

त्याच दिवसांत तिनं गाडीचं शिकाऊ लायसन्स काढलं होतं, आणि मला शेजारी बसवून ती गाडी चांगली चालवायचीही. मालाडला आईकडे स्वतः गाडी घेऊन जायचं, मी कधी मोकळा होतोय याची वाट बघायची नाही — एवढंच तिला हवं होतं. जास्त होतं का हे?

आता तो तिसरा दोष. त्या गेममध्ये प्रत्येक खेळाडूला वेगळी मदत घेता येते. ती चालू केली की वळण आलं की ब्रेक आपोआप लागतो, गाडी रस्ता धरून राहते. कोणी मदत घेतलीय, हे पडद्यावर कुठेच दिसत नाही. पण याला गेमचा दोष म्हणू? त्यानं नुसतं दार उघडं ठेवलं होतं. आत शिरलो मी. पहिल्याच रविवारी, सुलभा चहा टाकायला उठली तेव्हा, मी माझी मदत चालू केली. तिची बंद ठेवली.

इथवर गंमत होती. पण एका रविवारी तिनं हातातलं रिमोट खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘‘खेळात जमत नाही मला, खऱ्या रस्त्यावर कुणाचा तरी जीव घेईन.’’

तेव्हा बोलायला हवं होतं ना? एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, ‘‘बघ बाबा, तुझं तू ठरव.’’ आणि — हे लिहिताना कान गरम होतायत — मला बरं वाटलं. घरात गाडी चालवणारा मी एकटाच राहणार होतो. शिकाऊ लायसन्सची सहा महिन्यांची मुदत गेली. त्यानंतर मालाडला जायचं, तर ती माझं तोंड बघायची. रविवारचा खेळ मात्र चालूच राहिला.

यंदा दसऱ्याला बिल्डिंगखाली गाडीची पूजा केली. सुलभानं बॉनेटवर झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबावरून गाडी दर वर्षी मी नेतो. ती ताट घेऊन बाजूला उभी राहते.

‘‘चला, ड्रायव्हरसाहेब,’’ ती म्हणाली, ‘‘आम्हाला कुठलं जमायला!’’

किल्ली माझ्या हातात होती. ती मी खिशात टाकली. मग तिथेच, झेंडूच्या पाकळ्यांत उभं राहून, सगळं सांगितलं.

‘‘म्हणजे तो ब्रेक तू लावतच नव्हतास?’’

‘‘नाही.’’

‘‘आणि मी आपली चार वर्षं हातानं लावत होते?’’

‘‘हो.’’

ती इतकी हसली की वॉचमन खुर्चीतून उठून बघायला लागला. ताटातलं निरांजन विझलं. मग हसू ओसरलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि हळू आवाजात म्हणाली, ‘‘माझं लायसन्स गेलं रे त्यात.’’

‘‘हो,’’ मी म्हणालो, ‘‘माझ्यामुळे गेलं. तू चांगली चालवत होतीस, आणि मला ते माहीत होतं. माझं चुकलं, सुलभा.’’