सरळ रॉड

कोजागिरीचा दुसरा दिवस. रक्कम, तपासणीचे पाच रुपये, उधार. हजर मी, माझी धाकटी बहीण शांता, आणि आम्हा दोघांमध्ये टेबलावर रॉकेलने धुतलेला तिच्या पंपाच्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड. लाखनीच्या हमरस्त्यावरच्या माझ्या वर्कशॉपात आश्विनाचं ऊन तिरपं उतरत होतं, आणि रॉकेलच्या उग्र दर्पातूनही तिच्या पदराला चिकटून आलेला फुलोऱ्यातल्या धानाचा मंद, ओलसर वास मला ओळखू येत होता.

पोळ्यापासून इंजिन बोडीच्या, वावरातल्या लहान तळ्याच्या, पाळीवर उघडं पडलं होतं. धुराड्यातून पावसाचं पाणी आत साचलं. पुढे पाऊस ओसरला, धानाला शेवटचं पाणी हवं झालं, जावयांनी, शांताच्या नवऱ्याने, हँडल मारलं, आणि न दबणाऱ्या त्या पाण्यावर पिस्टन आदळून रॉड वाकला. मी त्याच्या दोन्ही टोकांच्या भोकांत सरळ पिना घातल्या, सपाट पाट्यावर तो ठेवला आणि फट मोजायच्या गेजची पातळ पात सरकवली. एकीकडे ती अडली, दुसरीकडे सहज आरपार गेली. वाक होता, थोडा पीळही होता. काढता आला असता. पण दांड्यावर जुन्या पकडीचे वळ दिसले. हा रॉड आधीच एकदा सरळ केलेला होता, आणि दुसऱ्यांदा वाकलेला रॉड मी हाती घेत नाही. चालता चालता तुटला तर तो इंजिनाचं पोट फोडून बाहेर येतो. नवा नागपूरहून येणार, आठ दिवसांनी.

"तोवर धान पोचट होते ना भाऊ," शांता म्हणाली. "दोन पाण्यापुरता कर. मंग तुटला त तुटला."

"तुटन तवा जवळ तुहाच नवरा उभा राहीन."

"तुले केसाएवढा फरक दिसते, अन् माहं वावर नाही दिसून राहिलं?"

आठाचे अकरा दिवस झाले. नवा रॉड मीच बसवला. पाणी पाटातून खळखळत गेलं, आणि मी बांधावर उभा राहिलो. भरलेली लोंब भाराने वाकते. शांताच्या धानाच्या बांधीत बहुतेक लोंब्या ताठ उभ्या होत्या. सरळपणा मोजण्यात आयुष्य गेलेल्या मला तेवढा सरळपणा पाहवेना.

परतल्यावर जुना रॉड वाईसच्या जबड्यात आवळून धरला. वाक काढताना धातू जरा पलीकडे न्यायचा आणि मग परत आणायचा, म्हणजे त्याचा हट्ट सुटतो. तसा आणला. पात कुठूनच शिरेना. हातोडीने टिचकी मारली, नाद स्वच्छ निघाला. दोन पाण्यांना तो पुरला असता का, हे कुठलाच गेज सांगत नाही. जावयांच्या जिवाची काळजी होती, हे खरं. वर्कशॉपच्या नावाचीही होती, आणि त्यातली कोणती जड होती, ते मी त्या दिवशी तपासलं नव्हतं.

भाऊबीजेला शांताने ओवाळलं. ताटात मी एक्कावन्न रुपये ठेवले; तिने ते घेतले. मी निघताना दाराशी तिने माझ्या तळहातावर एक घडी घातलेली नोट ठेवली.

"तपासणीचे," ती म्हणाली. "तू त सगळ्यायकडून घेते."

तिच्या बोटांची हळद नोटेला लागली होती. पाच रुपये, शांताकडून, मला पोचले.