हौसेरावांचा मदरबोर्ड

हौसेराव जगदाळे यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते कामोठ्यात, आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये, आणि चौथा मजला येईपर्यंत माझी संपूर्ण प्रतवारी करून टाकली. आधी दंड दाबला. मग मान वाकडी करून कानामागचा वास घेतला. बहुधा उचलून वजनही पाहिलं असावं, कारण मधले दोन मजले माझे पाय जमिनीला लागल्याचं मला आठवत नाही. दार उघडल्यावर त्यांनी निकाल दिला, "माल चांगला हाय. जरा लवकर उतरवलाय."

साताऱ्याहून आलेल्या या माणसाचं उभं आयुष्य वाशीच्या फळबाजारात आंबा पारखण्यात गेलं. पेटी उघडली की वरच्या थराकडे ते बघायचेसुद्धा नाहीत. वरचा थर दाखवायचा असतो, खरा माल तळाला असतो, हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते त्यांनी भाजीला, डॉक्टरांना आणि स्वतःच्या व्याह्यांनाही लावलं होतं.

निवृत्तीनंतर त्यांना नाद लागला बुद्धिबळाचा. मुलगा कुलदीप कॉलेजात असताना घेतलेला कॉम्प्युटर घरी पडून होता. हौसेराव रोज सकाळी त्याच्यासमोर बसत आणि हरत. कॉम्प्युटरला ते 'शेठ' म्हणत. "शेठनं आज घोडा खाल्ला," असं ते गॅलरीतून सांगायचे, आणि खाली उभ्या असलेल्या नव्या भाडेकरूच्या मनात नाही नाही ते यायचं.

एका सकाळी मात्र आक्रीत घडलं. हौसेरावांनी शेठचा वजीर मारला आणि त्यांचा स्वतःचा शाबूत राहिला. इतका मोठा विजय घाईत उरकायचा नाही म्हणून त्यांनी डाव तसाच राखून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत तीन इमारतींत बातमी पोचवली. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, तर शेठ गप्प. पंखा नाही, दिवा नाही.

"मदरबोर्ड गेलाय," कुलदीपनं फोनवर सांगितलं. "ते डबडं टाका आता, आप्पा. मी नवीन पाठवतो."

"आन् माझा डाव?"

"डाव हार्ड डिस्कवर असेल. पण तो जुना गेम नवीन मशीनवर चालायचा नाही. दुसरा गेम टाकून देतो ना!"

"जिंकायला आलो तवा मैदान बदलायचं व्हय रं?"

वेणूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "लग्नातबी कालच्याएवढं तोंड फुललं न्हवतं ह्यांचं. घिऊन टाका एकदाचा बोरड."

म्हणून शेठला उचलून हौसेराव आणि मी वाशीला तबरेजच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तबरेज मूळचा म्हसळ्याकडचा. त्यानं डबा उघडला, आतला बोर्ड पाहिला आणि सुस्कारा टाकला. तरी दुकानदाराचा धर्म म्हणून त्यानं चार नवे खोके काउंटरवर मांडले. "काका, हे बघा. पण यातल्या एकावरपण तुमचा प्रोसेसर बसणार नाय. रॅम नाय बसणार. सगळंच बदलावं लागेल."

हौसेरावांनी खोक्यांना हातही लावला नाही. "हा वरचा थर झाला. तळाचा दाव."

"तळाला काय नाय, काका. जुना माल हाय. खोललेल्या मशीनचा."

"मग त्योच की!"

तबरेजनं टेबलाखालून दोन जुने बोर्ड काढले. दोन्ही हौसेरावांच्या प्रोसेसरला चालणारे. एक ब्रशनं साफ करून चकचकीत केलेला, दुसऱ्यावर धुळीची गोधडी. हौसेरावांनी दोन्ही नाकाशी नेले. शेजारचं गिऱ्हाईक लांब सरकलं.

"हा साफवाला घ्या. मी स्वतः दोन दिवस चालवून बघितलाय," तबरेज म्हणाला.

"पुसून ठिवलेला आंबा मी जल्मात घेतला न्हाय," हौसेराव म्हणाले. "डाग असल्याबिगर कोण पुसतंय? धुरळा हाय म्हंजे हात लागलेला न्हाय."

"हात लागला नाय म्हणूनच तर मला पण ठाऊक नाय ना, तो चालतो का!"

हौसेरावांनी धुळीचाच बोर्ड छातीशी धरला आणि खिशातला रुमाल काढून तबरेजच्या हातावर टाकला. जुन्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. तबरेजनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"काका, समोर कॅमेरा हाय. लोक काय बोलतील?"

शेवटी भाव तोंडानं, चारचौघांसारखा ठरला. हौसेरावांना त्यात काडीची गंमत वाटली नाही. तबरेजनं बोर्ड जोडला. तो चालला, फक्त सुरू होताच त्यानं २०११ साल दाखवलं.

"घड्याळाचा सेल गेलाय. बदलून देऊ?"

"ऱ्हाऊ दे. तवा माझं गुडघं दुखत न्हवतं."

घरी आल्यावर पडदा उजळला. डाव जागच्या जागी होता आणि हौसेरावांचा वजीरही. ऐन वेळी निम्मा मजला खोलीत जमला. वेणूबाईंनी चहा ठेवला. हौसेराव दोन हातांनी माउस धरून बसले. त्यांनी शेठची उरलीसुरली प्यादी खाल्ली, हत्ती खाल्ला. पडद्यावर शेठचा राजा एकटाच कोपऱ्यात उरला.

"आता मारा की शह," मी म्हणालो.

"गप ऱ्हावा. पेटी भरताना चारी अंगानं गवत कोंबायचं असतं. आंबा हलला की गेला."

त्यांनी एका बाजूनं राजा आणला, दुसऱ्या बाजूनं वजीर. एकेक घर बंद करत गेले. तोंडानं "हां, हां," असं चाललं होतं, पेटीवर शेवटचा खिळा मारावा तसं. मग वजीर आणखी एक घर पुढे सरकवून ते खुर्चीला टेकले. शेठच्या राजाला शह नव्हता, आणि हलायला एकही घर उरलं नव्हतं.

बुद्धिबळाच्या नियमाप्रमाणे असा डाव बरोबरीत सुटतो.