हिमयुगात मी केलेली भेसळ

मी समुद्र अजून पाहिलेला नाही. चामोर्शीच्या बाजारापलीकडे जायचं म्हटलं की धान कापायचं तरी असतं, नाही तर मळायचं तरी. पण समुद्राच्या तळाचा गाळ मात्र मी माझ्या हाताने निवडला आहे, आणि तोही हिमयुगातला. ते कसं झालं ते सांगते.

माझी नात समुद्राचा अभ्यास करते. दिवाळीला आली तेव्हा तिच्या बॅगेत कपडे कमी आणि सूक्ष्मदर्शकाचं धूड मोठं. सोबत दोन चिमुकल्या कुप्या, एकीला निळी चिठ्ठी, दुसरीला लाल. आत चिमूटभर पांढरं काहीतरी. मला वाटलं, पोरीने तिकडचं मीठ आणलं.

"आजी, चाखू नको," ती म्हणाली. "हजारो वर्षांआधीचा गाळ हाय. धुऊन, चाळून आणला."

"काढला कुठून?"

"उत्तरेकडच्या समुद्रातून. जहाजावरून लांब नळी तळात खुपसतात न् गाळ वर काढतात. जेवढा खालचा, तेवढा जुना."

हे मला लगेच समजलं. बाजारात व्यापारी पोत्यात टोकदार नळी खुपसतो, मूठभर धान बाहेर काढतो आणि आतला माल कसा आहे ते पाहतो. त्या नळीला परखी म्हणतात. "म्हंजे समुद्राले परखी मारली," मी म्हटलं. ती म्हणाली, अगदी तसंच. पुढची सगळी गडबड या एका वाक्याने झाली, पण तेव्हा आम्ही दोघी खूश होतो.

पाडव्याला तिचे डोळे आले. लाल, चिकट, उघडेचनात. आणि या दोन कुप्यांची मोजणी सोमवारपर्यंत तिच्या मॅडमला पाठवायची होती. तीन वर्षांच्या अभ्यासाचा शेवटचा भाग त्यावर अडलेला. पोरगी रडत होती की डोळ्यांतून तसंच पाणी येत होतं, हे आम्हाला कळेना.

मी म्हटलं, "मी हाय ना. दोन्ही डोळ्यांत ऑपरेशनची नवी काच हाय. जलमभर तांदळातले खडेच तर काढले."

मग तिने डोळे मिटूनच मला शिकवलं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर काय, ज्वारीच्या लाह्या. त्या म्हणे समुद्रातल्या बारीक जिवांच्या कवच्या. काही डावीकडे वळलेल्या, काही उजवीकडे. समुद्र गारठलेला असला की डाव्या जास्त, जरा कोमट असला की उजव्या. निळ्या आणि लाल कुपीतल्या गाळाच्या खोलीत अंतर फक्त बोटभराचं. तेवढ्या थरात समुद्र एकदम पलटला का, हेच तिला दाखवायचं होतं.

"पण पलटते काऊन?"

"गरम पाणी दक्षिणेकडून वर जाते. तिथं गार होते, खारं न् जड होऊन खाली बसते, न् तळातून माघारी येते. असा फेरा हाय. बर्फ वितळून गोडं पाणी आलं की ते हलकं, सायीसारखं वरच पसरते. मग खाली बसणं थांबते, फेरा बंद, न् तिकडं थंडीच थंडी. फेरा सुरू झाला की पुन्हा ऊब. कधीकधी एका माणसाच्या जलमात."

"म्हंजे आपल्या गावची लाइट."

"तसंच समज," ती म्हणाली.

मी पंखा बंद केला, शिंक आली तर हिमयुग उडून जाईल म्हणून तोंडाला पदर बांधला आणि ओल्या कुंचल्याने कवच्या उचलायला बसले. शेजारीण आली.

"काय करून राह्यली वं बाई?"

"समुद्र निवडून राह्यली."

ती थोडा वेळ बघत बसली. मग म्हणाली, "शिजवाले किती वेळ लागते?"

मोजताना चुकू नये म्हणून दहा कवच्यांमागे एक चिंचोका, असा हिशोब धरला. प्रत्येक कुपीला दोन वाट्या, डाव्यांची एक, उजव्यांची एक. लाल कुपीत बहुतेक सगळ्या उजव्या निघाल्या. निळीत जवळपास सगळ्या डाव्या, आणि माझ्या जिवाला घोर लागला. शंखसुद्धा उजवाच चांगला मानतात. म्हटलं, हा माल खराब दिसतो. मॅडम परखी मारेल, तोंड वाकडं करेल आणि पोरीचं पोतं परत पाठवेल.

बाजारात अशा वेळी काय करतात ते मी पाहिलेलं आहे. पोत्याच्या तोंडाशी चांगलं धान घालतात. आमच्या घरात असं कोणी केलं नाही, हे मी अजूनही ठामपणे सांगते. पण नातीसाठी मी केलं. लालमधल्या मूठभर म्हणाव्या तेवढ्या उजव्या कवच्या निळीत टाकल्या, आणि लालचं पोट भरावं म्हणून निळीतल्या डाव्या तिकडे. दोन्ही कुप्या सारख्या झाल्या. मला झोपही चांगली लागली.

सकाळी तिचा एक डोळा थोडा उघडला. तिने दोन्ही नमुने पाहिले, पुन्हा पाहिले.

"आजी, दोन्ही सारखेच हायेत."

"हायेत ना. आता कोणी नाव ठेवणार नाई."

"म्हंजे समुद्र पलटलाच नाई. तीन वर्षं माहे पाण्यात गेले." मग तिचा तो एक डोळा माझ्याकडे वळला. "नाव ठेवणार नाई म्हंजे? तू काय केलं?"

मी सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती चुलीजवळ जाऊन बसली आणि सूनबाईने दिलेला चहा तसाच गार झाला. माझा समुद्र कोमट झाला होता आणि घर गारठलं होतं.

शेवटी तिनेच मॅडमला फोन लावला, मलाही ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा करून. काही लपवलं नाही. मॅडमकडून बराच वेळ खोकला आल्यासारखा आवाज. मग म्हणाल्या, "प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग इथे कपाटात असतो. डोळे बरे कर आणि येऊन मोज. सोमवारचं मी बघते. आजींची मोजणी घेता येणार नाही."

"पण आजीनं भेसळीच्या आधी मोजलं व्हतं," नात म्हणाली, आणि चिंचोक्यांच्या वाट्यांकडे बघून पहिल्यांदा हसली. जाताना तिने चारही वाट्यांतले चिंचोके वेगवेगळ्या पुड्यांत बांधले, त्यांच्यावर चिठ्ठ्या लावल्या.

तिचा फोन आला तेव्हा मी खळ्यावर होते. कपाटातल्या भागात निळीत डाव्याच, लालमध्ये उजव्याच, माझ्या चिंचोक्यांपेक्षा थोडाच फरक. समुद्र पलटला होता, बोटभर गाळात. मॅडम विचारत होत्या, आजी मोकळ्या आहेत का, अजून बऱ्याच कुप्या आहेत. अट एकच, मालाची दया करायची नाही.

मी म्हटलं, धान घरात येऊ दे, मग बघू. चिंचोके मात्र तिने अजून परत केलेले नाहीत. मॅडमच्या टेबलावर आहेत म्हणे, चिठ्ठ्यांसकट.