वहिनीच्या मुठीचं वजन

माझा दादा काटे दुरुस्त करतो. दुकानातले तराजू, गोदामातले मोठे काटे, सोनाराकडचे नाजूक काटे, सगळे त्याच्याकडे येतात. बाजारात त्याला नावाने कोणी ओळखत नाही, काटेवाला म्हणतात. स्वभावही धंद्याला साजेसा. खोटं वजन म्हणून त्याच्या तोंडून निघणार नाही. एकदा माझ्याच नवऱ्याच्या दुकानात, चार गिऱ्हाइकं उभी असताना, पारड्याकडे बघून म्हणाला, "भाऊजी, काटा तुमच्या बाजूने झुकतोय." झालं. नवऱ्याने त्याच्याशी बोलणंच टाकलं आणि मी मधल्या मध्ये भरडले गेले. मी दादाला म्हटलं, "अरे, हळूच कानात सांगितलं असतंस तर तुझ्या बापाचं काय जात होतं?" तर म्हणतो कसा, "बाप तुझाही तोच आहे."

त्याच्या घरात पलंगाखालीसुद्धा काटे, आणि वहिनीच्या स्वयंपाकात मात्र मापाचं नाव नाही. थंडी पडली की ती गव्हाच्या भरडीचं साधंसं काहीतरी करायची. भरड आधी कोरडीच भाजायची, घरभर खमंग वास सुटेपर्यंत. मग तेलात जिरं, मिरी, दालचिनीचा तुकडा, त्यावर गाजर, कोबी आणि नवलकोलाच्या फोडी, पाणी घालून झाकण. माणशी एक मूठ भरड आणि एक मूठ भांड्याची. "भांड्याला कशाला?" म्हणून मी विचारलं होतं. "तळाला लागतं ते भांडं खातं, वन्सं. तेही राबतंच की." दादा हमखास विचारायचा, "मूठ म्हणजे किती?" आणि वहिनी म्हणायची, "मूठ म्हणजे मूठ." त्यावर दोघंही हसायची. मला त्यात हसण्यासारखं काय ते कधी कळलं नाही.

मग वहिनी अंथरुणाला खिळली. पोटाचं दुखणं. अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टर म्हणाले, काहीही करा पण यांच्या पोटात चार घास जाऊ द्या. तिला त्या भरडीशिवाय दुसरं काही नको होतं. मी मागच्याच गल्लीत राहते, रोज जाऊन करून द्यायचे. वहिनी एक चमचा खाऊन म्हणायची, "छान झालंय हो," आणि ताटली सरकवायची. मला राग यायचा. छान झालंय तर खा की. तिच्यावर कसलं रागवायचं, पण राग काय विचारून येतो?

शेवटी दादा म्हणाला, "मी करतो." ज्याचं चहाचं दूधसुद्धा रोज उतू जातं, तो. भरडीचा डबा आणि दुकानातला छोटा काटा घेऊन तो तिच्या उशाशी बसला. "अगं, तू मूठ टाक, मी वजन घेतो. एकदा कळलं की जन्मभर चुकायचो नाही."

जन्मभर म्हटल्यावर वहिनीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग डब्यात हात घातला आणि पारड्यात मूठ सोडली. मग दुसरी आणि तिसरी. प्रत्येक मुठीचं वजन दादाने तोंडपाठ केलं. भाज्या किती, मिरी किती, पाणी किती, सगळं ती पडल्या पडल्या सांगत होती. त्या दिवशी तिने अर्धी वाटी खाल्ली. दादा मला फाटकापर्यंत सोडायला आला आणि तिथेच ढसाढसा रडला. त्याला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

एका वजनावर विसंबायचं नाही, काटा पुन्हा पुन्हा तपासायचा, हा त्याच्या कामाचा नेम. म्हणून तो दर वेळी डबा तिच्यापुढे धरायचा आणि पडेल तेवढीच भरड शिजवायचा. पाणी मात्र पहिल्या दिवशी सांगितलं तेवढंच. होता होता ते पातळ व्हायला लागलं. मी चूल गाठली आणि त्याला झापलं, "अरे, ही काय पेज केलीस? आजारी माणसाला जरा तरी दाट घाल की."

तो पातेलं ढवळत राहिला. मग हळूच म्हणाला, "मूठ कमी होतेय."

डॉक्टर अजून म्हणत होते, फरक पडेल, बघू. दादाला त्याच्या काट्याने आधीच सांगितलं होतं. तरी मी म्हटलं, "मग वरून घाल ना तू."

"वाटीत दाट दिसलं की तिला कळेल, मी वरून घातलं. म्हणजे तिची मूठ पुरली नाही."

दुसऱ्या दिवशी मी तिथेच बसले होते. वहिनीने मूठ टाकली. आता तीन मुठी टाकायला तिला मध्ये विसावा घ्यावा लागत होता. तिने विचारलं, "किती भरली हो?"

दादा काट्याकडे बघत म्हणाला, "तेवढीच. नेहमीएवढी."

ज्या तोंडाने माझ्या नवऱ्याला भर दुकानात उघडं पाडलं, तेच हे तोंड. तो पारडं उचलून आत गेला. वहिनीने मला जवळ बोलावलं. "वन्सं, यांचा काटा बिघडलाय," ती म्हणाली. "पण सांगू नका त्यांना. जिवाला लावून घेतील." मी मान हलवली आणि उगाच पांघरूण सारखं करत बसले.

थंडी सरायच्या आत ती गेली.

पुढच्या थंडीत दादाने मला जेवायला बोलावलं. भरड भाजल्याचा वास दारापर्यंत आला होता. भाज्या बारीक चिरलेल्या, मिरी बेताची, कुठे काही चुकलेलं नव्हतं. पण वाटीत चमचा फिरवला तर पातळच. वजन करून घातलंस ना, मी विचारलं. केलं म्हणाला, पहिल्या दिवशी भरलं होतं तेवढंच. मी म्हटलं, "दादा, वहिनीचं किती दाट असायचं. ती धडधाकट होती तेव्हा तिची मूठ केवढी भरायची?"

त्याने हातातला चमचा खाली ठेवला. "ती मूठ कधी तोललीच नाही गं," म्हणाला. "घरभर काटे होते. ती इथेच होती. कधी सुचलंच नाही. मी तोलली ती पहिली मूठसुद्धा आजारातलीच होती."

मला रडूही आलं आणि त्याचा रागही आला. मी उठून डबा उघडला, चांगली भरगच्च मूठ घेतली आणि पातेल्याचं झाकण काढलं. दादाने पातेल्यावर आडवा हात धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "मला तिची एवढीच मूठ माहीत आहे."