पाटीवरचा टँकर

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगत फिरत असे, आजही सांगते. दुकानांच्या पाट्या रंगवत रंगवतच बी.ए. झाले. म्हणून घाटनांदूरच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात बायकांनी दूध संस्था काढली, तेव्हा पाटीचं काम मी हक्कानं मागून घेतलं.

साल दुष्काळाचं. छावणीतल्या चाऱ्यावर म्हशी तगल्या होत्या, पण छावणीतल्या बायका आमच्या दारावरून पुढच्या खासगी डेअरीला दूध घालायला जायच्या. जिल्हा दूध संघानं बजावलं होतं, आठवडाभरात पुरेसं दूध जमलं तरच दुधाचा टँकर गावात वळेल, नाहीतर संस्थेचं संकलन केंद्र बंद.

मग काय, मी पेटलेच! पत्र्याला आधी गंज धरू नये म्हणून लाल ऑक्साईड, तो कडक वाळल्यावर पांढरा, मग अक्षरं. अक्षर शिडीवरून जोखू नये, रस्त्यापलीकडून, एसटीतल्या माणसाच्या नजरेनं जोखावं. वावटळीत पत्रा उडू नये म्हणून वेल्डर चाचांकडून भोकं पाडून घेतली, वारा आरपार जातो. चाचा म्हणाले, "बाई, मागून तिरपे टेकू बी देऊ. न्हाईतर ही पाटी न्हाई, पतंग हाय."

वाचता न येणाऱ्यांसाठी मधोमध चित्र काढलं. झकास, चंदेरी टँकर!

सकाळी बघते तर पाटीखाली रिकाम्या घागरींची ही रांग!

"का गं, पाणी कवा येतंय?" पुढची म्हातारी म्हणाली.

"आजी, दुधाचा टँकर हाय तो."

"दुधाचा? अन् आमी तांबडं फुटायच्या आत नंबर लावलाय!"

संस्थेच्या अध्यक्ष माझ्या चुलतीच. त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "शिकलेली हाय माय ती, तिला तहान लागत न्हाई."

रांग खो-खो हसली, मीही हसले. मग विचारलं, "तुमी दूध कुठं घालता?"

"पुढं, डेअरीला. हितं घेत्यात हे कुणी सांगितलं?"

अंगात वीजच शिरली. शिडी लावली, टँकरवर पांढरा फासला अन् वाळायची वाट न बघता त्यावर काळी म्हैस काढायला घेतली. खालून रांग ओरडत होती, "शिंगं मागं ने गं!" "कास भरलेली दाव, दुष्काळातली नको!" ओला रंग ओघळला अन् म्हशीला चांगली हातभर दाढी आली. पण ती म्हैस आहे, याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

संध्याकाळी त्याच बायका दुधाच्या बरण्या घेऊन आल्या, दुसऱ्या दिवशी शेजारणींना घेऊन. आठवडा सरायच्या आत संघाचा टँकर आला. ड्रायव्हरनं पाटीसमोर ब्रेक मारला, मान बाहेर काढली.

"ह्या म्हशीला दाढी कावून हाय ओ?"

अन् उत्तराची वाट न बघता त्यानं गाडी आमच्या दारात वळवली.