खाऊ घातलं ते बुरशीला

करुणा गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं. खाली जोडलेले हात, पांढरी फुलं, आणि वर मजकूर : 'आमच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या ज्येष्ठ प्राध्यापक...' तो शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. जिवंतपणी तिला कुणी प्राध्यापक केलं नाही. ती तासिका तत्त्वावर होती. म्हणजे दरवर्षी नवी ऑर्डर, उन्हाळ्यात घरी, आणि जून आला की यंदा बोलावतील की नाही ही धाकधूक. केस पांढरे होईस्तोवर हेच चाललं. मेल्यावर मात्र बढती, तीही थेट ज्येष्ठ म्हणून! मला रडू यायच्या आधी संताप आला, आणि महिना उलटला तरी तो उतरलेला नाही. इथे तो लपवायचा माझा विचारही नाही.

ती वर्ध्याजवळच्या आंजी गावची, मी वर्ध्याच्या कापड दुकानदाराची मुलगी. कॉलेजात असताना ती एसटीने यायची आणि बस चुकली की आमच्या दुकानात येऊन बसायची. मैत्री तिथे, गठ्ठ्यांवर बसून झाली. पुढे मी मराठी शिकवू लागले, ती सूक्ष्मजीवशास्त्र, योगायोगाने एकाच कॉलेजात. मी कायम झाले, ती राहिली. तिने डॉक्टरेट केली ती एका यीस्टवर, म्हणजे बुरशीच्याच एका जातीवर. ही बुरशी आपल्या सगळ्यांच्या तोंडात, आतड्यात मुकाट राहते आणि माणूस खचला की रोग होऊन उठते. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा तिने मला बखोटीला धरून सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. "हे पाह्य. हे साखरेवर वाढलेले. गोल गोल, सुखी." मग काच बदलली. "अन् हे मक्याच्या पिठावरचे. याहिले खायले कमी भेटलं." आता गोळ्यांतून लांब, बारीक सुतं निघालेली होती, एकमेकांत गुंतलेली. "किती वाढले वं हे!" मी म्हणाले. ती फटकन म्हणाली, "वाढले नाई शैले, शोधून राह्यले. हाय तिथं भागत नाई म्हून हात लांब करून राह्यले. अन् मंग याच सुतानं माणसाच्या मांसात घुसते." भूक हे एकच कारण नाही, अंगाची ऊब, रक्त, बरंच काही लागतं, असंही तिने सांगितलं, पण माझ्या लक्षात भूकच राहिली.

ते मक्याचं खाद्य ती स्वतः करायची. मका आंजीचा, दळण गिरणीतलं. पीठ पाण्यात मंद शिजवायचं, गाळायचं, घट्ट गोठावं म्हणून आगर घालून काचेच्या बशांत ओतायचं. कॉलेजजवळ पैसे नव्हते म्हणून नव्हे. सुतं बघायची तर असंच कदान्न द्यावं लागतं म्हणून.

आणि मग, इतक्या वर्षांनी, कायमची एक जागा मंजूर झाली. मुलाखतीला येणारी समिती प्रयोगशाळेतही डोकावणार होती. करुणाने बशा आधीच तयार ठेवल्या होत्या. आमच्या प्राचार्यांनी त्या पाहिल्या आणि त्यांना घाम फुटला. पाहुण्यांपुढे मक्याचं पीठ? कॉलेजची लाज जाईल! आदल्या दिवशी ती वर्गावर असताना त्यांनी महागड्या तयार खाद्याचा सीलबंद डबा फोडायला लावला, बुरशी त्यावर लावून घेतली आणि तिच्या बशा निर्जंतुक करून फेकून दिल्या. साहेबांना वाटलं, आपण उपकार केले. दोन घास गोडाधोडाचे मिळाल्यावर बुरशी जोमाने वाढेल आणि समिती खूश होईल, एवढा साधा हिशेब. बुरशी वाढलीही, मस्त, लोण्याच्या गोळ्यासारखी. समितीतले तज्ज्ञ दुसऱ्याच शाखेचे होते. त्यांनी डोळा लावला आणि हसून म्हणाले, "मॅडम, प्रबंधात तर धागेच धागे आहेत. इथे नुसते गोळे!" करुणा सांगू लागली की हे खाद्य बदललं म्हणून झालं, हाच तर माझा विषय आहे... पण साहेब चहासाठी घाई करत होते. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ती आधीच ठरलेली होती म्हणतात, असेलही. पुढे ती व्यक्ती बदली घेऊन गेली आणि मंजूर जागाही रद्द झाली.

त्या दिवशी आम्ही स्टँडसमोर चहा प्यायला गेलो. चहा पिताना ती एकदम हसली. "एवढ्या वर्षांत या कॉलेजनं कोणाले पोटभर खाऊ घातलं शैले, तं ते बी बुरशीले!" आम्ही इतक्या हसलो की चहावाला वळून पाहू लागला. हसता हसता तिचे डोळे भरले, ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

छातीतली गाठ तिला पावसाळ्यात लागली. "दाखव," मी म्हणाले. "दिवाळीच्या सुट्टीत दाखवतो नं. आता रजा काहाची? तास सोडले तं ते दुसऱ्याले देऊन टाकतीन." ती दिवाळीनंतर सेवाग्रामच्या इस्पितळात गेली. डॉक्टर म्हणाले, आधी का आला नाहीत? त्यांना काय सांगणार होती ती... मी सांगते. ही गाठ तिने कॉलेजच्या वेळापत्रकासाठी अंगावर काढली.

शोकसभेत प्राचार्य गहिवरले. करुणा मॅडम अभावातच फुलल्या, म्हणाले, त्यांच्या आवडत्या बुरशीसारख्या. टाळ्या वाजवायची जागा नव्हती म्हणून लोकांनी माना हलवल्या. मी उठले आणि म्हणाले, ते फुलणं नव्हतं सर, ती भूक होती. कुणीतरी मला पाण्याचा ग्लास आणून दिला.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत गेले. करुणाच्या तासिका आता स्वातीला दिल्या आहेत. ती करुणाचीच विद्यार्थिनी, पुलगावहून येते. काचा धूत होती. दारामागच्या खुंटीवरचा करुणाचा पांढरा ॲप्रन तिच्या अंगात होता, खिशावर निळ्या शाईचा तोच डाग. "माह्या अजून शिवून नाई झाला, म्हून मॅडमचाच घातला. चालते नं?" म्हटलं, चालते. तिने हात पुसले, जरा घुटमळली, मग हळूच विचारलं, "मॅडम, करुणा मॅडमची जागा आता रिकामी झाली नं? भरतीन नं ते?"

तिला काय सांगू? करुणाची जागा कधी नव्हतीच. ती रिकामी कुठून होणार? पोरगी माझ्या तोंडाकडे आशेने बघत होती. ॲप्रन तिला अगदी मापाचा बसला होता, आणि तेच मला सहन होईना.