सुई फ्रिजमध्ये, चालणे रस्त्यावर

तांडापेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात फ्रिजचा एक कप्पा रिकामा करण्यास कोणाचीच हरकत नव्हती. दह्याचे भांडे खाली गेले आणि पुष्पलताबाईंचे आठवड्याचे इंजेक्शन वर आले. रविवारी त्या ते पोटाला टोचून घेत, तेव्हा सारे घर आदराने गप्प बसे. औषधाचा मान ठेवणे आपल्या लोकांना चांगले जमते.

त्यांचे यजमान रुपराव उभी हयात बुटीबोरीच्या सूतगिरणीत राबले. आता त्यांचे यकृत आकसत चालले होते. मुलगी मिनल हिचा रक्तगट जुळला नाही; जुळला तो बायकोचा. पण बायकोच्या यकृतात चरबी. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते, की नुसत्या सुईवर विसंबू नका. सुई भूक मारेल; पण रोज पाऊण तास झपाझप चाला, इतके की बोलता यावे आणि गाणे म्हणता येऊ नये. दोन्ही मिळून चरबी उतरली, तर तीन महिन्यांनी तुमच्या यकृताचा तुकडा यांना देता येईल. फार थांबण्याची यांची ताकद नाही.

सुई घरात टोचली जाते. चालणे रस्त्यावर होते आणि चार माणसे ते पाहतात. सकाळ रुपरावांच्या आंघोळीत आणि पथ्यपाण्यात जाई. उरे ती संध्याकाळ, आणि तीच आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांची वेळ. रुपरावांना खाता न येणारी सफरचंदे घेऊन माणसे येत आणि दारात बुटाची नाडी बांधणाऱ्या बाईकडे पाहत. थोरली नणंद तुळसाबाई तर त्यांच्या देखतच बोलली, "भाऊ पिवळा पडून राहिला, आन् हे बूट घालून हवा खायले चालली."

पुष्पलताबाई बूट काढून चहा ठेवीत. चहा पिऊन झाला की मंडळी 'सारे देवाच्या हाती' असे सांगून उठत. देवाच्या हाती काय होते, कोण जाणे. या बाईच्या पायांत जे होते, ते मात्र त्यांनी रोज बसवून ठेवले.

ज्या संध्याकाळी कोणी येत नसे, त्या संध्याकाळी रुपरावच म्हणत, "आज राहू दे वं. बस थोडी. तू गेली का घर लय मोठं वाटते."

त्या बसत. एका दिवसाने काय होते, असे मनाला सांगत.

तीन महिन्यांनी वजन भरपूर उतरले होते, ब्लाउज दोनदा आत घ्यावे लागले होते. पण तपासणीत यकृतात तुकडा देता येऊ नये इतकी चरबी निघालीच. रोज चालता ना, असे डॉक्टरांनी विचारले. त्यांनी हो म्हटले. सोबत आलेल्या तुळसाबाईनेही मान डोलावली. डॉक्टरांनी दीड महिना आणखी दिला.

परतताना ऑटोत रुपराव हळूच म्हणाले, "खोटं काहून बोलली? सांगायचं ना, हाच जाऊ देत नाही म्हणून."

"तुमचं नाव कशी सांगू जी?"

दुसऱ्या दिवसापासून मात्र पुष्पलताबाईंनी कोणाचे ऐकले नाही. नणंदेला चहा हाताने करून घ्यायला सांगितले आणि नाईक तलावाच्या बाजूने, पदर खोचून, धापा टाकीत त्या चालत राहिल्या. रुपरावही आता थांबवत नसत. परत आल्यावर विचारीत, "आज गाणं म्हणून पाह्यलं का?" बाईंना श्वास घेता येत नसे, तेव्हा ते समाधानाने डोळे मिटून घेत.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी रुपरावांना रक्ताची उलटी झाली आणि दिवस मावळायच्या आत ते गेले.

तपासणीची तारीख ठरलेलीच होती. तुळसाबाईने विचारले, आता तिथे काय ठेवले आहे? पुष्पलताबाई एकट्या गेल्या. रुपराव गेल्याचे कळलेल्या डॉक्टरांनी अहवाल वाचून बाजूला ठेवला आणि घरच्यांची चौकशी सुरू केली. बाईंनी ती तोडली आणि अहवालात काय आहे ते विचारले, तेव्हा ते म्हणाले, "चरबी उतरली आहे. आता देता आले असते."

बाईंनी बाजूला ठेवलेला अहवाल उचलून पुन्हा डॉक्टरांपुढे ठेवला.

"मंग दुसऱ्या कोणाले द्या न जी. बाहेर किती लोकं बसून हायेत."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे घेतली. नात्याबाहेर असे सहज देता येत नाही, त्याला कायदा आहे, परवानग्या आहेत, आणि तुमच्यासारख्या दुःखातल्या माणसाकडून तर कोणी घेणारही नाही, हे त्यांनी सावकाश, दोनदा समजावले. बाईंनी सारे ऐकून घेतले. पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले गेले, दार उघडले, त्या रुग्णाची बायको त्याला धरून आत आली. तरी पुष्पलताबाई खुर्चीवरून उठल्या नाहीत.